सात सांगाडे, साडेचार महिने: हॅरीहाउसेनचे राक्षस अजून का बघवतात?

रीळवाला

१९६३च्या ‘जेसन अँड दि आर्गोनॉट्स’मध्ये शेवटाकडे एक मारामारी आहे. राजा हायड्राचे दात जमिनीत पेरतो, त्यातून सात सांगाडे उगवतात आणि ढाली-तलवारी घेऊन जेसन व त्याच्या दोन साथीदारांवर चालून येतात. पडद्यावर सगळा मामला काही मिनिटांचा. तो करायला रे हॅरीहाउसेन या एकट्या माणसाला साडेचार महिने लागले. दिवसाला सरासरी १३ फ्रेम. सेकंदाला २४ फ्रेम लागतात, म्हणजे अख्खा दिवस राबून हाती अर्धा सेकंद.

ज्यांना स्टॉप-मोशन हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: आतून धातूचा सापळा, त्याला उखळीचे सांधे, वरून रबराची कातडी असलेलं वीतभर-हातभर उंचीचं मॉडेल. ते किंचित हलवायचं, एक फ्रेम टिपायची. पुन्हा किंचित हलवायचं, पुन्हा एक फ्रेम. सलग दाखवलं की मॉडेल चालू लागतं. विलिस ओ’ब्रायनने ‘द लॉस्ट वर्ल्ड’ (१९२५) आणि ‘किंग काँग’ (१९३३) असेच केले. तेरा वर्षांच्या रेने काँग पाहिला आणि पुढचं सगळं आयुष्य त्याच वाटेवर काढलं. पुढे ‘माइटी जो यंग’ला (१९४९) तो ओ’ब्रायनचा मदतनीसच झाला.

आता प्रश्न. आज कुठल्याही चित्रपटात दहा हजार राक्षसांची फौज येते, एकेकाच्या अंगावरचा केस न् केस दिसतो, आणि दुसऱ्या दिवशी त्यातला एक आठवत नाही. या सातांतला एकेक सांगाडा मात्र डोक्यात बसलाय. का?

मला वाटणारी दोन कारणं. एक, ती वस्तू खरोखर टेबलावर होती. तिच्यावर खरा दिवा होता, तिची खरी सावली पडत होती. डोळ्याला हे कळतं, आपल्याला सांगता आलं नाही तरी. दुसरं, प्रत्येक फ्रेममध्ये ‘आता हात इथे’ हे एका माणसाने ठरवलं होतं. समितीने नव्हे.

तुमचं काय मत? आणि कोणी कोणता चित्रपट कुठे पाहिला तेही लिहा.

तिरपागडा

लेख छान, पण मूळ मुद्दा पटला नाही. हे शुद्ध स्मरणरंजन आहे. आपण लहानपणी व्हिडिओ लायब्ररीतून आणलेल्या, चार वेळा डब झालेल्या कॅसेटवर हे पाहिलं. तेव्हा सगळंच भारी वाटायचं. मागे मुलीला मोठ्या उत्साहाने हॅरीहाउसेनचाच ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ (१९८१चा, नवा नव्हे) लावून दिला. त्यातला अवाढव्य राक्षस क्राकन समुद्रातून वर आला आणि ती फिसकन हसली. “बाबा, हा अडखळतोय.” तिचं काय चुकलं? अडखळतोयच तो.

कुरकुरीत

+१ रीळवालाशेठ. आमच्याकडे कार्टून नेटवर्क संपलं की त्याच चॅनेलवर रात्री जुने इंग्रजी चित्रपट दाखवणारं टीएनटी सुरू व्हायचं. आई ओरडेपर्यंत बघायचं. ‘क्लॅश’मधली मेड्युसा (केसांच्या जागी साप असलेली ग्रीक पुराणातली राक्षसी) तिथेच भेटली आणि मग बरेच दिवस रात्री संडासला एकटं जायची सोय राहिली नाही.

प्राची_प

@तिरपागडा, स्मरणरंजनाचा मुद्दा मला लागू होत नाही, कारण मी यातलं काहीही लहानपणी पाहिलेलं नाही. आमच्या घरी टीव्हीच उशिरा आला. मी हे सगळं चाळिशीला टेकल्यावर, लॅपटॉपवर, बाकीचं काम करता करता पाहायला घेतलं. मेड्युसाच्या प्रसंगाला बाकीचं काम थांबलं.

त्या प्रसंगात काय आहे बघा. तिला पाय नाहीत. ती हातांवर जोर देऊन स्वतःचं धड ओढत पुढे येते. शेपटीला खुळखुळ्या सापासारखा खुळखुळा आहे, त्यामुळे दिसायच्या आधी ती ऐकू येते. मशालींच्या उजेडात चेहरा क्षणभर दिसतो, पुन्हा अंधारात जातो. डोक्यावरचे साप स्वतंत्रपणे वळवळतायत. तिथे अडखळणं मला तरी दिसलं नाही. भीती वाटली, आणि ती कुठल्याही आठवणीची नव्हती.

रीळवाला

@प्राची_प, अगदी. त्यातली गंमत म्हणजे मेड्युसाच्या डोक्यावर १२ साप आहेत. प्रत्येक फ्रेमला डोकं, तोंड, शेपूट आणि बाराही जणांची मुंडकी थोडी थोडी हलवायची. कुठला साप कुठल्या दिशेने निघालाय हे लक्षात ठेवायचं ते निराळंच. तेव्हा संगणकावर मागची फ्रेम बघून घ्यायची सोय नव्हती. फिल्म धुऊन आल्यावरच कळायचं काय झालं ते.

तिला नागिणीचं अंग त्याने मुद्दाम दिलं. झगा घातला असता तर कापडाच्या चुण्या दर फ्रेमला सांभाळाव्या लागल्या असत्या. कापड आणि केस हे या धंद्याचे वैरी. काँगच्या अंगावर सशाची फर होती. मॉडेल हलवताना बोटं लागून ती दर फ्रेमला विस्कटायची. पडद्यावर ती सारखी लहरत राहते. ओ’ब्रायनला वाटलं आता आपली काही धडगत नाही, पण स्टुडिओतल्या वरिष्ठांना वाटलं की काँगचे केस रागाने उभे राहतायत, असा किस्सा सांगतात.

सान_होजेचा_बंड्या

मी ग्राफिक्सच्या क्षेत्रात आहे (चित्रपटात नाही, गेमिंगमध्ये), म्हणून थोडं तांत्रिक.

तिरपागडांच्या मुलीला जे दिसलं त्याला कारण आहे. साधा कॅमेरा धावत्या माणसाचं चित्रण करतो तेव्हा प्रत्येक फ्रेमच्या वेळी शटर साधारण सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग उघडं असतं. तेवढ्यात हात पुढे सरकलेला असतो, त्यामुळे तो फ्रेममध्ये पुसट येतो. हा पुसटपणाच आपल्या डोळ्याला गती म्हणून कळतो. स्टॉप-मोशनमध्ये मात्र फ्रेम टिपताना मॉडेल ठार स्थिर. प्रत्येक फ्रेम लख्ख. चोवीस लख्ख चित्रं एकापाठोपाठ एक आली की डोळ्याला टिचक्या मारल्यासारखं होतं. क्राकनसारख्या अवाढव्य प्राण्याच्या बाबतीत हे जास्त खटकतं, कारण तो संथ आणि जड वाटायला हवा.

यावर उपाय निघाला होता. त्याच १९८१ साली ‘ड्रॅगनस्लेयर’ आला. त्यात फिल टिपेट आणि मंडळींनी मॉडेलला मोटरींनी चालणारे दांडे जोडले आणि शटर उघडं असतानाच मॉडेल जरासं हलवलं. पुसटपणा आला. याला गो-मोशन म्हणतात. तो ड्रॅगन आजही बघा, अंगावर येतो.

मग ‘जुरासिक पार्क’ (१९९३). त्यातले पळणारे डायनोसॉर आधी गो-मोशननेच करायचे ठरलं होतं. संगणकावरच्या चाचण्या पाहिल्यावर बेत बदलला. टिपेट म्हणाला, मी आता नामशेष झालो. स्पीलबर्गने तो संवाद चित्रपटात घातला. पण टिपेटला घरी नाही पाठवलं. सांध्यांमध्ये सेन्सर बसवलेला धातूचा डायनोसॉर बनवला गेला. जुने स्टॉप-मोशनवाले तो हाताने हलवायचे आणि हालचाल संगणकात जायची. म्हणजे त्या चित्रपटातले काही डायनोसॉर, ज्यांना आपण संगणकाची कमाल म्हणतो, ते हाताने हललेले आहेत.

तिरपागडा

वा, उत्तम माहिती. पण बंड्याभाऊ, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. दोष होता, दोषावर उपाय निघाला, पुढे आणखी चांगला उपाय निघाला. मग जुन्या दोषाला ‘जादू’ म्हणून डोक्यावर का घ्यायचं? ‘अडखळण्यातच गोडवा आहे’ ही मांडणी मला फार सोयीची वाटते. उद्या कोणी कॅसेटवरच्या मुंग्यांनाही कलागुण म्हणेल.

जुनी_वही

तिरपागडा, तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. ‘अडखळतं म्हणून गोड’ हे स्टॉप-मोशनच्या चाहत्यांनीच पसरवलेलं आहे आणि त्यात त्या कारागिराचा थोडा अपमानही आहे. हॅरीहाउसेन आयुष्यभर हालचाल गुळगुळीत करण्यासाठी धडपडला. अपवाद एकच, आणि तो बघण्यासारखा आहे.

‘जेसन’मधला टॅलोस. ब्राँझचा अवाढव्य पुतळा, हर्क्युलीस खजिन्यातली वस्तू उचलतो आणि हा मान वळवून खाली बघतो. (तो मान वळवण्याचा क्षण! मला आजही पूर्ण चित्रपटात तोच सगळ्यात आवडतो. पुतळा आहे, पुतळा आहे, पुतळा आहे, आणि मग नाही.) टॅलोस धातूचा, म्हणून त्याची चाल आखडलेली हवी होती. हॅरीहाउसेननेच सांगून ठेवलंय की बाकी सगळीकडे झटके घालवायला झटलो आणि इथे ते मुद्दाम आणावे लागले.

याचा अर्थ काय, तर आखडणं हा त्याच्या हातातला पर्याय होता. टॅलोस आखडतो, सांगाडे चपळ आहेत, मेड्युसा सरपटते. एकच माणूस, एकच तंत्र, पण तिघांची देहबोली निराळी. तंत्राच्या दोषातून गोडवा येत असता तर तिघं सारखेच गोड वाटले असते.

चौकस

मला एक बेसिक शंका आहे, हसू नका. मॉडेल टेबलावर, वीतभर. नट खरा, इटलीत कुठेतरी उभा. दोघं एका फ्रेममध्ये तलवारीला तलवार कशी भिडवतात? आणि राक्षस दगडाच्या मागून बाहेर येतो ते कसं? दगड तर फोटोतला आहे ना?

रीळवाला

@चौकस, हसायचं काय, हाच तर खरा प्रश्न. सावकाश सांगतो.

आधी नटाचं चित्रण. सांगाड्यांच्या लढाईच्या वेळी स्टंटची माणसं सांगाडे बनून नटांबरोबर तालीम करायची, अगदी नाचाच्या मोजणीसारखी. तालीम अंगात भिनली की स्टंटवाले बाजूला, आणि नट तोच लढा हवेशी द्यायचे. वार कुठे थांबवायचा हे त्यांना पाठ झालेलं असायचं.

मग हे चित्रण स्टुडिओत एका छोट्या पडद्यावर मागून प्रोजेक्टरने पाडायचं, एका वेळी एकच फ्रेम. पडद्यासमोर टेबल, टेबलावर मॉडेल. मॉडेल आणि कॅमेऱ्याच्या मध्ये काच. काचेवर खालचा भाग काळ्या रंगाने झाकायचा, म्हणजे टेबल आणि चित्रातली पुढची जमीन किंवा तुमचा तो दगड दिसणार नाही. आता मागच्या फ्रेममधल्या नटाची पोझ बघायची, त्याप्रमाणे मॉडेल हलवायचं, एक फ्रेम टिपायची. मागचं चित्र एक फ्रेम पुढे. पुन्हा तेच.

शॉट संपला की कॅमेऱ्यातली फिल्म उलटी गुंडाळून पहिल्या फ्रेमला आणायची. काच बदलायची: आता आधी काळा होता तो भाग उघडा, आणि उघडा होता तो काळा. त्याच फिल्मवर दुसऱ्यांदा चित्रण. यावेळी फक्त पुढची जमीन आणि दगड छापले जातात. झालं, राक्षसाच्या मागेही खरं जग आणि पुढेही खरं जग. त्याच्या निर्मात्याने, चार्ल्स श्नीयरने, या पद्धतीला ‘डायनामेशन’ असं झोकदार नाव दिलं होतं. ‘द सेव्हन्थ व्हॉयेज ऑफ सिंदबाद’च्या (१९५८) जाहिरातीत ते वाजवून सांगितलं गेलं.

यात धास्ती कसली, तर चाळिसाव्या फ्रेमला टेबलाला धक्का लागला की सगळा शॉट बाद. म्हणून तो सहसा कोणाला आत येऊ द्यायचा नाही. ‘क्लॅश’च्या वेळी काम फारच वाढलं तेव्हा मदतनीस घेतले, एरवी ॲनिमेशन बहुतेक सगळं एकट्याने.

चौकस

बाप रे. वाचनखूण साठवली आहे. परत वाचावं लागेल.

आगाऊ_गौरी

सगळे सिंदबाद-सिंदबाद करताय तर ‘द गोल्डन व्हॉयेज ऑफ सिंदबाद’बद्दल (१९७३) कोणीच कसं बोललं नाही? त्यात कालीमाता आहे! लेमुरिया नावाच्या बेटावर, हिरव्या रंगाच्या आदिवासींच्या देवळात सहा हातांची कालीची मूर्ती. दुष्ट जादूगार मंत्र म्हणतो, मूर्ती जिवंत होते, आधी नाचते, मग सहा हातांत सहा तलवारी घेऊन सिंदबादच्या माणसांशी लढते.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एकाच वेळी राग आला आणि तोंडाचा आ वासला. राग कशाचा ते सांगायला नको. आपली देवता कुठल्यातरी बेटावर नेऊन बसवली, भक्त हिरवे रंगवले, आणि तिला जादूगाराच्या हुकुमाची ताबेदार केलं. पाश्चात्त्य सिनेमाची जुनी खोड. ‘काळ तसा होता’ म्हणून हे सोडून देऊ नये.

पण तो लढा! सहा हातांचा माणूस तालमीला कुठून आणायचा? तर तीन स्टंटवाले एकामागे एक उभे करून पट्ट्याने एकत्र बांधले आणि त्यांच्याकडून सहा हातांनी तलवारबाजी करवून घेतली. त्यावरून नटांची तालीम. पडद्यावर कालीचा चेहरा शेवटपर्यंत दगडीच राहतो. भुवईसुद्धा हलत नाही. एखाद्याने तिला डोळे वटारायला लावलं असतं. त्याने नाही लावलं, म्हणून ती अधिक भयंकर वाटते. तिच्याकडे बघून मला वाटतं, या माणसाला भक्ती कळली नसेल, पण मूर्ती कळली होती.

तिरपागडा

@आगाऊ_गौरी, शेवटचं वाक्य जबरी.

पिंगुळीकर

थोडं अवांतर, पण विषयाला धरूनच. आमच्या पिंगुळीला (कुडाळजवळ) ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आहे, चित्रकथीही आहे. लाकडाची बाहुली, तोंड हलत नाही, दोऱ्या उघड दिसतात. रावण आला की पोरं तरीही मागे सरकतात. दोऱ्या दिसत नाहीत म्हणून नव्हे, दोऱ्या दिसत असूनही. त्यामुळे प्रेक्षकाला फसवलं तरच तो रमतो हे मला पटत नाही. तिरपागडा, तुमच्या कन्येला एकदा आमच्याकडे घेऊन या.

नाशिककर_जुना

धागा आमच्या त्र्यंबकेश्वराच्या सुपुत्राकडे वळणारच होता, मीच वळवतो.

१९१२च्या सुमारास दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन आले, पण पैसे देणारं कोणी नव्हतं. मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर रोवून ठराविक वेळाने एकेक फ्रेम टिपली. ‘अंकुराची वाढ’. भांडवलदाराने पडद्यावर बघता बघता वेल वर येताना पाहिला आणि पैसे मिळाले. आता शुद्धतावादी म्हणतील हे स्टॉप-मोशन नव्हे, इथे वाटाणा आपला आपण वाढला. बरोबर. पण १९१५ची ‘आगकाड्यांची मौज’ घ्या. तिथे काड्या फाळक्यांनीच हलवल्या. एक एक. काँगच्या अठरा वर्षं आधी, आणि आपल्या मातीत.

फाळक्यांनी जादूचे प्रयोगही केले होते, ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने. (आडनाव उलटं वाचा.) त्यामुळे ‘लंकादहन’, ‘कालियामर्दन’ यांतल्या करामती आभाळातून पडल्या नाहीत.

दोघांतलं आणखी एक साम्य मला फार आवडतं. हॅरीहाउसेनच्या मॉडेलांचे धातूचे सापळे त्याचे वडील बनवायचे, ते यंत्रकामात वाकबगार होते. सुरुवातीच्या बाहुल्यांचे कपडे आई शिवायची. इकडे फाळक्यांची फिल्म धुणं, तिला भोकं पाडणं ही कामं सरस्वतीबाई करायच्या, आणि घरातली, युनिटमधली इतकी तोंडं जेवू घालणं ते वेगळंच. ‘कालियामर्दन’मधला (१९१९) कृष्ण म्हणजे त्यांची मुलगी मंदाकिनी. एकहाती कलाकार म्हणून ज्यांची नावं आपण घेतो त्यांच्या घरात हे इतर हात राबत असतात.

प्रश्न असा पडतो की आपल्याकडे एवढी पौराणिक चित्रपटांची लाट येऊनही हॅरीहाउसेनछाप परंपरा का नाही झाली? माझा अंदाज: आपल्याला गरजच वाटली नाही. हनुमान नटच करणार, दशानन नटच करणार. चमत्कारासाठी डबल एक्स्पोजर आणि काळा दोरा पुरेसा. बाबूभाई मिस्त्रींना तर इंडस्ट्रीत ‘काला धागा’ असंच म्हणायचे.

मेघना_ठाणे

मस्त चाललाय धागा. माझा अनुभव अगदीच बालवाडीतला, पण लिहिते.

दिवाळीत भाच्यांनी किल्ला केला आणि मग हट्ट धरला की मावळ्यांची लढाई मोबाइलवर ‘शूट’ करायची. स्टॉप-मोशनचं ॲप फुकट मिळतं. पण बाजारातल्या मावळ्यांचे हात वाकत नाहीत, त्यामुळे सगळी फौज पाय न उचलता घसरत गडावर गेली. मग तारेवर प्लॅस्टिसिन थापून दोन मावळे घरी केले. (शाडू नको, वाळला की सांध्यात तडकतो.) ते वाकतात, पण एका पायावर उभे राहत नाहीत, आणि चालायचं म्हणजे एक पाय उचलावाच लागतो. शेवटी थर्माकोलवर टाचण्यांनी पाय रोवले. नंतर वाचलं तर हॅरीहाउसेनही टेबलाला भोकं पाडून खालून स्क्रूने पाय आवळत असे.

दुसरी गोष्ट उजेड. खिडकीजवळ काम केलं तर ढग आला-गेला की चित्र लुकलुकतं. पडदा ओढून दिवा लावायचा आणि मोबाइलचं एक्स्पोजर लॉक करायचं. हे कोणी करणार असेल तर आधीच सांगून ठेवते.

पण खरं सांगायचं ते वेगळंच. धाकटा भाचा, सात वर्षांचा, मावळ्याला पाडताना दर फ्रेमला स्वतः थोडा वाकून बघत होता. गुडघा आधी वाकतो की कंबर? हात टेकतो की नाही? असं पडत पडत तो स्वतःच अंगणात आडवा झाला. मला तेव्हा कळलं की ही चित्रकलेपेक्षा नटाच्या जवळची गोष्ट आहे.

एडिनबरोची_सई

२०२० साली इथे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय कलादालनात हॅरीहाउसेनचं मोठं प्रदर्शन झालं. (त्याचं जन्मशताब्दी वर्ष. त्याची पत्नी डायना ही प्रसिद्ध स्कॉटिश प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या वंशातली, म्हणून स्कॉटलंडशी नातं.) साथीचे दिवस, मास्क लावून, वेळ ठरवून आत सोडत होते. सांगायचं एवढंच की ती मॉडेलं किती लहान आहेत यावर विश्वास बसत नाही. सांगाडा हातात मावेल एवढा. जवळून पाहिलं तर हाडं म्हणजे धातूवर रबरात भिजवलेला कापूस आहे. रबर काळाबरोबर सुकतं, भेगाळतं, त्यामुळे काही मॉडेलं दुरुस्त केलेली, काही नव्याने ओतलेली. शेजारी छोट्या पडद्यावर लढाई चालू होती. मी दोन्हीकडे आळीपाळीने पाहत राहिले आणि दोन्हींचा मेळ काही लागेना.

मेघना, तुमचा नटाचा मुद्दा पटला.

प्राची_प

मेघनाच्या मुद्द्यावरून माझ्या डोक्यात कधीचं घोळणारं लिहिते. जरा मोठं होईल.

हे राक्षस कसे मरतात ते बघा. मला वाटतं सगळं उत्तर तिथे आहे.

काँग. एम्पायर स्टेट बिल्डिंगवर गोळ्या लागतात. तो छातीवरच्या जखमेला बोट लावतो आणि बोटावरचं रक्त बघतो. त्याला कळत नाही हे काय आहे. मग नायिकेला उचलतो, खाली ठेवतो, बोटाने हळूच स्पर्श करतो, आणि मग पडतो.

यिमिर, ‘ट्वेंटी मिलियन माइल्स टु अर्थ’ (१९५७). शुक्रावरून आणलेलं पिल्लू. अंड्यातून बाहेर येतं तेव्हा दिव्याने डोळे दिपतात म्हणून ते डोळे चोळतं. कोणाच्या वाटेला न जाणारा, गंधक खाणारा जीव. माणसं टोचतात तेव्हा उलटतो. रोमच्या कोलोसियमवरून खाली पडून मरतो.

टॅलोस. जेसन त्याच्या टाचेची झडप उघडतो, आतला द्रव वाहून जातो. ब्राँझचा पुतळा दोन्ही हातांनी स्वतःचा गळा धरतो. श्वास न घेणारी वस्तू गुदमरते! अंगाला तडे जातात आणि तो कोसळतो. त्या क्षणी मला जेसनचा आनंद झाला नाही.

ग्वांगी, ‘द व्हॅली ऑफ ग्वांगी’ (१९६९), जळत्या चर्चमध्ये. ‘द बीस्ट फ्रॉम ट्वेंटी थाउजंड फॅदम्स’चा (१९५३) ऱ्हेडोसॉरस, आगीत सापडलेल्या रोलर कोस्टरपाशी.

या प्रत्येक मरणाला वेळ दिलाय. आता विचार करा, एक माणूस बंद खोलीत एकटा, रोज सकाळी येऊन त्या प्राण्याला अर्धा सेकंद मारतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा सेकंद. असे कित्येक दिवस. तो त्या मरणाचा विचार करणार नाही तर काय करेल? मान आधी पडेल की हात, शेवटचा डोळा कुठे बघेल. मला पोचतं ते हे. रबर नाही, झटके नाहीत, सावलीही नाही. (रीळवाला, तुमचं पहिलं कारण मला तेवढं महत्त्वाचं वाटत नाही.) आजच्या फौजेतले दहा हजार राक्षस मरतात तेव्हा कोणी थांबत नाही, कारण करणाऱ्यांनाही थांबायला वेळ दिलेला नसतो. संगणक त्याला जबाबदार नाही. संगणकावरही कोणी एका गोरिलाच्या मरणावर महिनोन्‌महिने बसला तर रडू येतंच. आलेलं आहे.

कुरकुरीत

_/\_

सान_होजेचा_बंड्या

@प्राची_प, धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, शेवटचा परिच्छेद शंभर टक्के. वेळ कोणालाच नसतो. आणि मोठ्या कामात एक प्राणी एकाचा नसतो: सांधे एकाचे, कातडी दुसऱ्याची, चाल तिसऱ्याची, दिवे चौथ्याचे.

फक्त एक पुस्ती. आता स्टॉप-मोशनमध्येही संगणक आहे. लायका स्टुडिओ चेहरे थ्री-डी प्रिंटरवर छापतो, मागची फ्रेम संगणकावर बघता येते, दोऱ्या-दांडे नंतर पुसले जातात. त्यांच्या ‘कुबो अँड द टू स्ट्रिंग्ज’मध्ये (२०१६) १६ फूट उंच सांगाड्याचं मॉडेल आहे, हॅरीहाउसेनला उघड सलाम. उलट टोक म्हणजे टिपेटचा स्वतःचा ‘मॅड गॉड’ (२०२१), जो त्याने तीस वर्षं अधूनमधून करत पुरा केला. पोटात ढवळतं बघताना. जेवताना बघू नका.

रीळवाला

@प्राची_प, सावलीबद्दल मी अजून भांडेन, पण मरणाचा मुद्दा मला सुचला नव्हता आणि तो माझ्यापेक्षा भक्कम आहे. सावलीबद्दल एवढंच: टॅलोस गळा धरतो तेव्हा त्या बोटांमध्ये जो अंधार आहे तो कोणी रंगवलेला नाही.

तिरपागडा

क्राकनबद्दल माझं मत कायम आहे, तो अडखळतो आणि मरतोही घाईत. दगड होतो, फुटतो, संपलं. प्राचीताईंच्या कसोटीवरही तो नापासच! बाकी यिमिर मी पाहिलेला नाही. या शनिवारी मुलीबरोबर बघतो. नेटवर रंगीत आणि कृष्णधवल अशा दोन्ही आवृत्त्या दिसतायत. कोणती?

रीळवाला

कृष्णधवल. प्रश्नच नाही. रंगवलेल्या आवृत्त्या हा अत्याचार असतो.

जुनी_वही

एरवी मीही हेच म्हणाले असते, पण इथे जरा थांबा. २००७ची ती रंगीत आवृत्ती हॅरीहाउसेनच्या देखरेखीखाली झालेली आहे. त्याला तो चित्रपट मुळातच रंगीत करायचा होता, पैसे नव्हते. मग अत्याचार कोणी कोणावर केला?

रीळवाला

माहीत आहे मला ते. तरी कृष्णधवलच. रात्रीच्या रोमवरचे दिवे कृष्णधवलसाठी लावलेत, कॅमेरामनचंही काही ऐकाल की नाही? कलाकाराला स्वतःच्या कामातलं काय चांगलं आहे हे दरवेळी कळतंच असं नाही.

आगाऊ_गौरी

घ्या! आत्तापर्यंत ‘प्रत्येक फ्रेम त्या एकाच माणसाने ठरवली’ म्हणून डोक्यावर घेतलं, आणि आता त्यानेच ठरवलेला रंग नको. तिरपागडा, दोन्ही बघा. मुलीला कोणती आवडते ते इथे येऊन लिहा.